येतंव हां, बाय

संघमित्रा त्या रात्री ऑफिसला गेली ती फक्त एक कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला. दहा मिनिटांचं काम. नवऱ्याला म्हणाली, भात टाकून ठेव, मी आलेच.

ही संघमित्रा म्हणजे आपल्या मुलुंडच्या जुन्या चाळीतली. तिचे वडील आणि मी भांडुपच्या कारखान्यात एकाच खात्यात होतो. शाळा सुटली की पोरगी आमच्याच घरी जेवायची, आमच्या आईशी मालवणीत गप्पा मारायची. त्यांचं गाव घाटावरचं, पण मालवणी तिला माझ्या पोरांपेक्षा चांगली कळते. हे लक्षात ठेवा, कारण मालवणी कळत नसती तर तिने तो फोन राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता आणि मला सांगायला काही उरलंच नसतं.

केतन, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर रे. डोळ्यात येतो.

हां. तर पोरगी शिकली आणि हवामानाच्या एका खाजगी कंपनीत लागली. मालाडला, लिंक रोडच्या मागे, खाडीकडे तोंड करून काचेची बिल्डिंग आहे, तिच्या सातव्या मजल्यावर. काम काय? तर समुद्रात कुठे वादळ उठलं, किती जोर आहे, कुठे सरकतंय, कुठे जमिनीला लागेल, हे बघत बसायचं आणि बंदरवाल्यांना, बोटवाल्यांना कळवायचं. कोळी लोकांसाठी एक फुकट नंबरही ठेवला होता. कोणीही फोन करायचा आणि विचारायचं, उद्या बोट घालू का.

तारीख सांगतो. सोळा मे दोन हजार एकवीस. रविवार. लॉकडाऊन होतं आणि तौक्ते वादळ गोव्यावरून वर यायला लागलं होतं. आठवतं ना? दुसऱ्या दिवशी आपल्या गेटसमोरचा गुलमोहर पडला तो. सगळं ऑफिस घरून काम करत होतं, पण उपग्रहाचे फोटो घेणारा कॉम्प्युटर तिथेच होता आणि तो नेमका त्या रात्री अडकला. तिचा साहेब अनिरुद्ध म्हणून, राहतो ठाण्याला. त्याने फोन केला. "संघमित्रा, तू मालाडलाच आहेस, जाशील का? आज फोटो नसले तर आपण आंधळे आहोत गं."

ती स्कूटर घेऊन निघाली. पाऊस तिरका, रस्त्यावर कुत्रं नाही. बिल्डिंगमध्ये एकटा वॉचमन, नंदू. त्याने तिला लिफ्टने वर सोडलं आणि म्हणाला, "ताई, लाईट सारखी येते-जाते. लिफ्ट बंद करून ठेवतो, अडकाल उगाच. उतरताना जिन्याने या."

कॉम्प्युटर चालू झाला. फोटो यायला लागले. आणि बाहेर पाऊस एवढा वाढला की स्कूटर काढणं म्हणजे मरणच. साहेबच म्हणाला, आता थांब, पहाटे उजाडल्यावर जा. दर तासाला मला वादळ कुठे आहे ते कळव.

आता वादळ बघायचं म्हणजे काय, ते तिने मला समजावलं तसं सांगतो. वरून बघितलं तर पांढरं चक्र दिसतं. मध्ये एक भोक. त्याला डोळा म्हणतात. डोळ्याच्या भोवती सगळ्यात वाईट वारा. पण डोळ्याच्या आत वारा नाही, पाऊस नाही, काही नाही. सगळं लक्ष त्या डोळ्यावर ठेवायचं. डोळा उत्तरेला सरळ गेला तर गुजरात. थोडा उजवीकडे वळला तर आपण. फोटो अर्ध्या-अर्ध्या तासाने येतात, मध्ये अंदाजच. बाई नकाशावर ठिपके मारत बसली होती आणि ठिपके सरळ जात होते.

फोन येत होते. वर्सोव्याचा एक जण, मढचा एक. होड्या ओढून ठेवल्यात, अजून दोर लावू का, असलं. सगळ्यांच्या मागे वारा नुसता किंचाळत होता. तिला ओरडून बोलावं लागत होतं.

मग एक फोन आला, त्याच्या मागे काहीच आवाज नव्हता.

"हॅलो?"

"बाय, वादळ खंय आसा, सांगशीत गे?"

म्हातारा आवाज. शांत. अगदी पडवीत बसून बोलावं तसा. तिला वाटलं कोणीतरी घरातून वादळ कुठे आहे ते विचारतंय, मुलगा बाहेर असेल. तिने विचारलं, "काका, तुम्ही कुठून बोलताय?"

"दर्यातसून."

ती उठून उभीच राहिली. "दर्यातून? अहो, सगळ्या बोटी कधीच परत बोलावल्यात!"

"आमका कोणी बोलवूक नाय."

ती घाबरली, पण कामाची बाई. म्हणाली, बोटीवर यंत्र असेल ना, त्यावरचे आकडे वाचून दाखवा. त्याने वाचले. तिने नकाशावर टाकले. तो ठिपका बरोबर वादळाच्या डोळ्यात पडला. तिने परत वाचायला लावले. तेच.

"काका, वारा कसा आहे?"

"वारो नाय. पाणी आरशासारख्या आसा. वर चांदण्यो दिसतत." मग म्हणाला, "पण चारय बाजूक ढगाची भिंत आसा गे. भायर जावक वाट नाय. आमी सरकलव की ती पन सरकता."

डोळ्यात सापडलेली बोट. भिंत कधीतरी त्यांच्यावर येणारच. ती म्हणाली, घाबरू नका, मी कोस्ट गार्डला कळवते, तुम्ही मला फोन करत राहा.

"बरा," तो म्हणाला. "येतंव हां, बाय."

आणि ती म्हणाली, "या."

आपण म्हणतोच ना. माणूस निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि आपण म्हणतो, या. तोंडातून जातं ते, त्यात विचार कसला.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. किनाऱ्यापासून एवढ्या लांब मोबाईलला रेंज कुठली?

कोस्ट गार्डने विचारलं, बोटीचं नाव काय? तिला माहीत नव्हतं. बंदर कुठलं? माहीत नव्हतं. त्यांनी नोंद घेतली, नाव मिळालं की लगेच कळवा म्हणाले. अनिरुद्ध साहेबाचा तर विश्वासच बसेना. "अगं, कोणीतरी चेष्टा करतंय." तेवढ्यात नवा फोटो आला. मगाच्या फोटोपेक्षा डोळा थोडा वर सरकला होता... आणि म्हाताऱ्याचा ठिपका त्या नव्या जागेवर बरोबर मधोमध होता. फोटो यायच्या आधी त्याने सांगितलं होतं. असली चेष्टा कोण करणार? कसा करणार?

त्यानंतर तो फोन करत राहिला. प्रत्येक वेळी आकडे. प्रत्येक वेळी मागून फोटो यायचा आणि आकडे खरे निघायचे. मला ती म्हणाली, "काका, खोटं नाही सांगत, मधे मला भीती वाटायची बंद झाली होती. असं वाटत होतं, वादळाच्या आत आपला माणूस आहे." नाव विचारलं की तो गप्प बसायचा. बंदर विचारलं की गप्प. शेवटी ती चिडली. "काका, नाव नाही सांगितलंत तर तुम्हाला शोधणार कसे? निघालात तेव्हा रेडिओवर वादळाचं सांगत नव्हते का?"

"सांगत होते गे. फयान येता म्हणान."

"काय येतं म्हणून?"

"फयान."

रुचिरा, तू लहान होतीस. फयान हे वादळ होतं दोन हजार नऊ सालचं. कोकणातल्या किती बोटी गेल्या. माझ्या मावसभावाच्या आळीतला एक पोरगा परत आला नाही. संघमित्राला ते नाव पुस्तकातून माहीत. तिला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झालाय. तहानेने होतं म्हणतात तसं. तिने फक्त "बरं" म्हटलं.

पुढच्या फोनला आकडे वळले.

तोपर्यंत ठिपके वर, वर, सरळ वर चालले होते. हा उजवीकडे आला. तिने परत विचारलं. तेच. त्याच्या पुढचा अजून उजवीकडे. आणि वेगात. म्हणजे डोळा मुंबईकडे वळला. साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, "संघमित्रा, नीट विचार कर. हे आपण बाहेर पाठवलं तर आत्ताच्या आत्ता माणसं घरं सोडून पळतील. कोविड सेंटरच्या तंबूतले पेशंट हलवतील. खात्री आहे?"

"सर, आत्तापर्यंत त्यांचं एकही चुकलेलं नाही."

"फोटो येऊ दे. फोटोशिवाय नको."

ती बसून राहिली. नखं खात. फोटो आला.

वादळ सरळच चाललं होतं. चक्र, चक्रातला डोळा, सगळं जागच्या जागी. उत्तरेकडे. मुंबईपासून लांब. कुठेही वळलं नव्हतं.

वादळ सरळ गेलं होतं... डोळा वळला होता.

म्हणजे तो म्हातारा ज्यात बसला होता तो.

फोन वाजला. तिने उचलला. काही बोलायच्या आधीच त्याने आकडे वाचले. तिने टाकले. मार्वे. मालाडचाच किनारा.

"काका... तुम्ही किनाऱ्याला आलात?"

"भिंत आमच्यावांगडा येता गे."

ती भिंत त्यांच्याबरोबर येत होती. फोन बंद.

तिने पर्स उचलली. बस झालं. पाऊस असू दे, झाड पडू दे, खाली नंदूजवळ जाऊन बसायचं. जिन्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. तिने ढकललं. हललं नाही. खांदा लावला. नाही. दार अडकलं नव्हतं, कुलूप नव्हतं. मधे जरासं हलायचं आणि कोणीतरी आतून ओढल्यासारखं परत बसायचं. आतून. ती आत एकटी होती.

तिचे कान बसले. घाटात गाडी चढताना बसतात तसे. भिंतीवर हवेचा दाब दाखवायचं यंत्र होतं. त्यातले आकडे खाली चालले होते. हळूहळू नाही, बघता बघता. तिने एवढा कमी दाब फक्त वादळाच्या डोळ्यातला म्हणून वाचला होता.

तिने नंदूला मोबाईल लावला.

"नंदूदादा, वर ये. दार उघडत नाही."

"काय? मोठ्याने बोला ताई! इथे पत्रे उडतायत!"

त्याच्या फोनमध्ये वारा किंचाळत होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं... तिच्याकडे आवाज नव्हता.

काचेवर पाऊस नव्हता. खिडकी थरथरत नव्हती. ती काचेशी गेली. लांब, लिंक रोडवर, झाडं जमिनीला टेकत होती. दिव्याचे खांब हलत होते. इथे, बिल्डिंगभोवती, काही नाही. खालच्या बदामाचं पान हलत नव्हतं. तिने वर बघितलं.

चांदण्या.

गोल तुकडा आभाळाचा, आणि चारी बाजूंनी भिंत.

नंदू बिचारा सात मजले चढून आला. दाराच्या त्या बाजूने ओढत होता. मोबाईलवर त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. "ताई, लागा जोर! मी ओढतोय!" दाराच्या फळीतून मात्र त्याचा काहीच आवाज येत नव्हता. ती ह्या बाजूने थापा मारत होती. "ऐकू येतंय का दादा? मी वाजवतेय." तो म्हणाला, "नाही ताई. वाजवा ना."

मग मोबाईल गेला.

मग लाईट गेली. फक्त बॅटरीवरचा तो एक कॉम्प्युटर चालू. त्याचाच उजेड.

ऑफिसचा फोन वाजायला लागला.

तिने उचलला नाही. वाजून थांबला. परत वाजला. ती टेबलाखाली बसली. कानावर हात. कान बसलेलेच... तरी ऐकू येत होता. वाजतच राहिला. आणि प्रत्येक वेळी थांबला की त्या शांततेत दुसरा एक आवाज. चपक... चपक. लाकडावर पाणी आपटतं तसा. खालून नाही. खिडकीच्या उंचीवरून.

तिने उचलला.

"तुझो दिवो दिसलो गे बाय."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मालव नको हां. इतके दीस एक दिवो दिसूक नाय."

"काका..." तिला रडू फुटलं. "काका, ते वादळ संपलं."

...

"फयान संपलं. बारा वर्षं झाली. हे वेगळं वादळ आहे."

...

ती म्हणाली, तेवढी शांतता मी कधी ऐकली नाही. आणि त्या शांततेत तो एकटा नव्हता. बरेच जण होते. श्वास धरून.

"बारा वर्सा?"

"हो."

"मगे... आमची माणसा?"

मागे कोणीतरी, पोरसवदा आवाज, हळूच काहीतरी विचारत होता. म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं.

"आमी येतंव हां, बाय."

तिच्या तोंडाशी आलं. सवयीने. 'या' म्हणून. आणि तेव्हा तिला कळलं की हे आपण आधीही म्हटलंय. पहिल्याच फोनला. प्रत्येक फोनला. तो म्हणत होता येतंव, आणि ती बोलवत होती. हाक मारून मारून तिनेच आणलं होतं त्यांना. बारा वर्षांत दुसरं कोणी 'या' म्हटलं नव्हतं.

तिने तोंडावर हात दाबला.

"येतंव हां."

ती गप्प.

काचेवर काहीतरी टेकलं. जड. काच कुरकुरली. पायाला गार लागलं.

"बाय... आसस मां?"

मला नंतर ती म्हणाली, "काका, मला वाटलं, 'या' म्हणून टाकावं. बिचारे. किती दमलेत. एकच शब्द. आणि पायाखालचं गार वर चढत होतं. पोटऱ्या. गुडघे. मला श्वास घेता येईना."

आपण घरातून निघणाऱ्याला एक शब्द कधी म्हणत नाही. शत्रूलाही उंबऱ्यावर म्हणत नाही. तो तिने म्हटला. पोटातून ओढून काढला.

"जा."

...

"काका, जा. इथे तुमचं कोणी नाही. सगळे जा."

पलीकडे कोणीतरी हुंदका दिला. लहान पोरासारखा. मग म्हातारा बोलला.

"बरा गे."

एवढंच. आणि मग सगळा वारा एकदम आला. काच फुटली, टेबलं सरकली, दार भिंतीवर जाऊन आपटलं आणि नंदू पाठीवर पडला जिन्यात. त्याने तिला ओढत खाली नेलं. सातही मजले ती एकच गोष्ट विचारत होती, मी बरोबर केलं ना?

नंदूला काय माहीत. तो म्हणाला, हो ताई.

वादळ दुसऱ्या दिवशी मुंबईला न लागता वर गुजरातला लागलं, तिच्या ठिपक्यांनी सांगितलं होतं तिथेच कुठेतरी. तिने ती नोकरी सोडली नाही. फक्त फोनवर बसत नाही. आणि तिच्या घरून निघताना मी "येतो" म्हटलं की ती हसते, मान हलवते. काही बोलत नाही. मीही बोलायला लावत नाही.

"काका, पण दाबाने दार अडकू शकतं ना?" 

शकतं, केतन. अनिरुद्ध साहेबही तेच म्हणाला. दाबाचा फरक, घाबरलेली बाई, कोणीतरी केलेली चेष्टा. सकाळी तो ठाण्याहून आला तो हेच म्हणत जिना चढला. मग आत गेला.

फुटलेल्या काचेजवळची एवढीशी जागा सोडली तर ऑफिस कोरडं ठक्क. कागद कोरडे, गालिचा कोरडा. आणि भिंतीवर पांढरी रेघ. चारी भिंतींवर, खांबांवर, उरलेल्या काचांवर, दाराच्या आतल्या बाजूला, कुठेही न तुटता. त्याने बोट लावून जिभेला लावलं. मीठ. भरतीचं पाणी उतरल्यावर धक्क्याला राहतं तसं.

मी स्वतः बघून आलोय. दोनदा रंग मारलाय, रंगातून वर येते. आणि गंमत म्हणजे रेघ आडवी नाही. दाराकडे माणसाच्या छातीएवढी वर, आणि खाडीकडे जाता जाता उतरत उतरत घोट्यापर्यंत. बोट एका अंगावर कलली की आत पाणी चढतं, तशी.

साहेबाने मुद्दाम माणूस बोलावून लेव्हल लावून बघितली. बिल्डिंग सरळच आहे.